गोड पाण्याची पाटी

मी पाटी बोलतेय. शिरड शहापूरहून औंढ्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर तातेरावांची विहीर लागते, तिच्या काठाशी बाभळीच्या दोन खांबांवर मी उभी आहे. मान वर करून सांगावं असं माझ्याकडं आता फारसं उरलेलं नाही. पण गप्प राहणंही होईना, म्हणून तोंड उघडलं.

माझ्या अंगावर एकच शब्द आहे, आठ भाषांत. वरून दुसरी ओळ बघा. तिथलं लाकूड खरवडलेलं आहे, आणि त्या खरवडीवर कुणीतरी नवशिक्या हातानं वाकडीतिकडी अक्षरं काढली आहेत. ती ओळ कुणाची होती, ती कुणी खरवडली आणि त्यापायी एका घराचं या विहिरीशी नातं कसं तुटलं, एवढंच मला सांगायचंय. सांगताना मला लाज वाटेल, तुम्ही तेवढं सांभाळून घ्या.

जात सागाची माझी. शिरडच्या दस्तगीर सुतारानं एका घराचं दार केलं, त्यातून हातभर रुंद फळी उरली, ती मी. महिनाभर त्याच्या भिंतीला टेकून पडून होते. माझा पाट होणार की पाळण्याची बाजू, याचा मला पत्ता नव्हता. त्या महिन्यात तातेरावांच्या हातून एक गंमत झाली आणि माझं नशीब ठरलं.

आमच्या पट्ट्यात विहिरी पुष्कळ, पण पाणी मचूळ. तोंडात घेतलं की थुंकावं वाटतं. या वाटेवर गोड पाणी एकट्या तातेरावांच्या विहिरीला. महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात, तेलंगणातून, कर्नाटकातून, आणखी कुठून कुठून. त्या वर्षी तेलंगणातली पाच-सात म्हातारी माणसं उन्हानं करपून विहिरीपाशी थांबली आणि खुणेनं विचारू लागली, पाणी पिण्याजोगं आहे का? तातेराव औत धरून होते. त्यांनी तिथूनच हात उगारून, बैलांवर ओरडतात त्या आवाजात सांगितलं, व्हय, व्हय, गोड हाय, प्या! बिचारी माणसं घाबरली. मळेवाला हाकलून राहिला असं समजून जी पळाली ती पुढच्या मचूळ विहिरीवर जाऊन प्याली. तातेराव पळत मागं गेले तर ती आणखी जोरात पळाली. मनकर्णाबाई, तातेरावांची बायको, हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. तातेरावांना मात्र हसू आलं नाही. तहानलेलं माणूस आपल्या दारातून गेलं, हे त्यांच्या जिवाला लागलं.

मग त्यांनी कादरला गाठलं. कादर शिरडचा रंगारी. गाड्या रंगवायचा, दारं रंगवायचा, मोहरमचे ताबूत सजवायचा, औंढ्याच्या दुकानांवर नावं काढायचा. दोघं एका वयाचे, एका ओढ्यात पोहायला शिकलेले. कादर त्यांना तुमी म्हणायचा, ते कादरला तू म्हणायचे, पण ती नुसती बोलायची रीत. तातेरावांनी सांगितलं, इथं गोड पाणी आहे असं येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. कादर म्हणाला, पाण्याशेजारी पाणी कशाला लिहायचं? ते दिसतंच. गोड एवढंच लिहू.

आणि त्यानं एक नेम ठरवला. ज्याची भाषा, त्यानं आधी ओंजळभर पाणी प्यायचं. पिऊन झाल्यावर त्याच्या तोंडून जो शब्द निघेल तोच पाटीवर चढायचा. ऐकीव शब्द चालणार नाही, पुस्तकातला चालणार नाही. न पिता सांगितलेला शब्द खोटा, असं तो म्हणायचा. पहिली ओळ लिहिताना त्यानं तातेरावांनाच त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायला लावलं. ते म्हणाले, अरे मी रोज पितो. कादर म्हणाला, आज पाटीसाठी प्या. ते प्याले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, गोड.

दुसरी ओळ उर्दू. इथं कादरच्या मनात एक भारदस्त फारसी शब्द होता. अंमल निजामाचा, कचेरीत तसलेच शब्द चालायचे. पण नेम म्हणजे नेम. त्यानं आपल्या आईला, मदीनाबीला, आणलं. ती काठावर बसली, ओंजळ प्याली, उरलेलं पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, मीठा. कादर तिला म्हणाला, अम्मा, जरा बडा लफ्ज बोल. ती म्हणाली, पाणी प्याले, दरबारात नाही गेले. मग मीठाच लिहिलं. त्या ओळीवर कादरनं सगळ्यात जास्त जीव लावला. उजवीकडून डावीकडं वळत गेलेली ती पाच अक्षरं म्हणजे माझ्या अंगावरचा दागिना होता, हे मी आज मान्य करते.

बाकीच्या ओळी भरायला पाच वर्षं लागली. तेलुगू शब्द द्यायला एक मिशीवाला यात्रेकरू मिळाला. तो प्याला आणि म्हणाला, मंचि. आता मंचि म्हणजे चांगलं, हे औंढ्याच्या एका व्यापाऱ्यानं कादरला सांगितलेलं. कादरनं त्याच्या हातावर गूळ ठेवला. तो खाऊन म्हणाला, तिय्यगा, म्हणजे गोड. कादरनं पाण्याकडं बोट केलं. तो म्हणाला, मंचि. चार वेळा गूळ खाऊन झाला, पाण्याचा शब्द काही बदलेना. त्यांच्याकडं पिण्याचं पाणी गोड नसतं, चांगलं असतं, त्याला काय करणार? कोळशानं त्यानं दगडावर अक्षरं काढून दिली, कादरनं ती बघून बघून माझ्यावर उतरवली. पुढं तमिळ मुलखातला एक साधू आला, तो नल्ल म्हणाला, त्याचाही अर्थ चांगलंच. कानडी बाई मात्र सिही म्हणाली, म्हणजे सरळ गोड. गुजराती कापडवाला म्हणाला मीठुं. फुलसिंग लमाणी तांड्यावरून बैल घेऊन चालला होता, तो म्हणाला मीठो, आणि आमच्या बोलीला अक्षरं नाहीत, तुझीच घाल, म्हणाला. शेवटी रस्त्याच्या मोजणीला एक गोरा साहेब आला. तो दोन वर्षं उकळलेल्या पाण्याशिवाय पीत नव्हता, म्हणून कादरनं त्याचा शब्दही घेतला नाही. तिसऱ्या वर्षी उन्हानं त्याची मस्ती जिरली. तो ओंजळीनं घटाघटा प्याला आणि म्हणाला, फ्रेश. कादरनं अर्थ विचारला तर कळलं, ताजं. तातेराव म्हणाले, ताजं तर दूध असतं. कादर म्हणाला, असू द्या, त्यांचं त्यांच्यापाशी.

कुणाला गोड, कुणाला चांगलं, कुणाला ताजं. पाणी एकच. मी फार फुगले होते तेव्हा. माणसं लांबूनच आपली ओळ ओळखायची, तिच्यावर बोट ठेवून एकमेकांना दाखवायची आणि मग पोहरा सोडायची. आपल्या घरचं अक्षर परमुलखात दिसलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी जवळून बघितलंय.

एक गोष्ट लपवत नाही. शिरडचाच संतराम पहिल्या ओळीचीच भाषा बोलायचा, पण त्याला पोहरा सोडायची मुभा नव्हती. तो खाली उभा राहायचा, वरून कुणी ओतलं तर प्यायचा. मी त्याच्या डोक्यावर आठ भाषांत गोड म्हणत उभी असायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता रोज वाटतं.

मग दिवस फिरले. सत्तेचाळीस सालापासून सगळीकडं धास्ती. रझाकार कुठल्या गावात शिरले, कुणाचं घर जाळलं, याच बातम्या. एक दिवस बंदूकवाले चौघे विहिरीवर आले. उर्दू दुसऱ्या ओळीत काहून, पहिली काहून न्हाई, असं दरडावून विचारू लागले. तातेराव घामाघूम झाले. एकानं मला उखडायला हात घातला. कादर तेव्हा नेमका माझी खालची ओळ उजळत होता. तो मधे उभा राहिला. म्हणाला, ही पाटी मी लिहिली, तो शब्द माझ्या आईचा आहे, तो कुठं ठेवायचा ते मी ठरवलं, तुम्हाला तकलीफ असेल तर मला न्या. उखडणाऱ्यानं हात काढून घेतला आणि चौघेही पाणी पिऊन गेले. त्या दिवशी मनकर्णाबाईनं कादरला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या आणि चार दिवसांत निजामाचा अंमल गेला. लोकांनी आनंद केला, तातेरावांनीही केला. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसऱ्या बातम्या आल्या. आता मुसलमानांच्या घरांवर टोळ्या जाऊन राहिल्या होत्या. ज्यांनी कधी कुणाचं काही केलं नव्हतं, तेही गाठोडी बांधून बसले. शेजारच्या मळ्याचा व्यंकटराव विहिरीवर येऊन तातेरावांना म्हणाला, वारंगा फाट्याकडून टोळी निघाली म्हणतात, उर्दू अक्षर जिथं दिसंल तिथं आग लावून राहिले, तुमची पाटी तर भर वाटेवर. एवढं बोलून तो गेला. त्यानं खरवडा असं म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेराव डाव्या हातात खुरपं घेऊन आले. ते डावरेच. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि दुसऱ्या ओळीवर खुरपं चालवलं. रंग निघाला, रंगाखालचं लाकूड निघालं. मला दुखलं म्हणू? दुखलंच. पण खरं सांगायचं तर त्याहून वेगळं काहीतरी झालं, आणि माझी खरी लाज तीच आहे. शेवटचं अक्षर गेलं तेव्हा मला हलकं वाटलं. आता मला कुणी जाळणार नाही, असं माझ्या मनात आलं. ज्या म्हातारीचा शब्द मी चौदा वर्षं अंगावर मिरवला, तो गेल्याचं मला क्षणभर बरं वाटलं.

आणि ती टोळी? ती या वाटेला आलीच नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

आलं ते कादरचं घर. त्याच दिवशी दुपारी. कादर, त्याची बायको खतीजाबी आणि मदीनाबी. औंढ्याला एका ओळखीच्या घरी जाऊन लपायचं म्हणून आडवाटेनं चिखल तुडवत आलेले. म्हातारीचे पाय सुजले होते, ओठांना पांढरी साल आली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला मी धड दिसतही नव्हते. पण पोहऱ्याचा दोर वाऱ्यानं रहाटावर वाजला, त्यावरून तिनं जागा ओळखली. म्हणाली, "तातेराव की बावडी आगई. पानी पिला रे, कादर."

कादरनं गाठोडं खाली ठेवलं. दोराला हात घातला आणि वर बघितलं. मग दोर सोडून माझ्याजवळ आला. खरवडलेल्या जागेवर त्यानं बोट फिरवलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.  खतीजाबीनं बघितलं आणि गाठोडं पुन्हा उचललं.

मग तो आईकडं गेला आणि म्हणाला, "चल अम्मा. आगे पियेंगे."

आणि ती तिघं गेली. मला ओरडता येत असतं तर उरलेल्या सातही ओळींनी ओरडले असते. येत नाही. पण ज्याला येत होतं तो वीस पावलांवर गोठ्यात होता. तातेरावांनी सगळं बघितलं. चपला पायात घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. कादरचं बोट माझ्यावर फिरत होतं तेव्हा ते कडब्याच्या गंजीमागं झाले. हाक मारायची म्हणजे तोंड दाखवायचं, आणि तोंड दाखवायची छाती त्यांना झाली नाही.

पुढचं मी विहिरीवर येणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलं. तिघं पुढच्या ओढ्याचं गढूळ पाणी प्याली. पावसाचे दिवस, वरच्या गावांची घाण वाहून आलेली. कादरनं आणि खतीजाबीनं ते पचवलं. म्हातारीला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी औंढ्यात ती गेली. शेवटपर्यंत पाणी मागत होती म्हणे. ते ऐकल्यावर मनकर्णाबाई गोठ्यात गेली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली. आवाज चढवून बोलणारी बाई नव्हे ती. त्या दिवशीही चढवला नाही.

"लेकराला हाक मारतात तशी एक मारायची व्हती," ती म्हणाली. "काहून गप बसलात?"

 दोन दिवस तातेराव जेवले नाहीत. 

दिवाळीच्या सुमारास वातावरण निवळलं. कादर शिरडला परत आला. ते कळल्याच्या दुसऱ्या दिवशी तातेरावांनी मला खांबांवरून उतरवलं आणि डोक्यावर घेतलं. मागं मनकर्णाबाई, डोक्यावर विहिरीच्या पाण्याची घागर. गाडी होती, बैल होते, पण त्यांनी चालत न्यायचं ठरवलं होतं. बाजाराचा दिवस बघून, भर बाजारातून, खरवडलेली बाजू समोर ठेवून त्यांनी मला नेलं. लोक विचारायचे, तातेराव, हे काय? ते म्हणायचे, मी केलेलं हाय, बघा. असं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, त्यांचं काय झालं असेल!

कादर अंगणात ब्रश धूत बसला होता. तातेरावांनी मला त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "कादर, टोळी आली न्हाई. मला कुणी सांगितलं बी नव्हतं. मीच खरवडलं."

"ठावं हाय मला," कादर म्हणाला.

"कसं?" तातेरावांनी विचारलं.

"टोळीनं खरवडलं असतं तर मी पाणी पिलो असतो, तातेराव. अम्मालाबी पाजलं असतं. मनलं असतं, ज्यानं केलं त्यानं केलं, विहीर तर आपली हाय. पन खुरपं डाव्या हातानं वढलेलं व्हतं. बोट फिरवल्याबरुबर कळलं मला. मंग कसं प्यावं, तुमीच सांगा."

तातेराव तिथंच मातीत बसले आणि रडले. पन्नाशीचा माणूस, बाजारातली माणसं कुंपणावरून बघून राहिलेली, तरी रडले. कादर त्यांना गप्प करायला उठला नाही, हाकलायलाही उठला नाही. रडणं ओसरल्यावर तातेरावांनी विनंती केली, तो शब्द पुन्हा लिही. कादरनं मान हलवली. म्हणाला, मी लिहिणार नाही. ज्या हातानं काढला त्या हातानं लिहा, मी सांगतो कसा ते.

त्यानं मातीत काडीनं अक्षरं काढून दाखवली. तातेरावांना सही तेवढी यायची, तीही मोडीत. त्यांनी सवयीनं डावीकडून ब्रश टेकवला. कादरनं त्यांचं मनगट धरून ते उजवीकडं आणलं आणि लगेच सोडून दिलं. सबंध सकाळ गेली. मी म्हटलेलं ते वाकडंतिकडं अक्षर तेच. लिहून झाल्यावर तातेराव घागरीकडं बघत म्हणाले, आता एक ओंजळ पी आणि म्हण, म्हणजे नेमाप्रमाणं होईल.

खतीजाबी दारात उभी होती. तिनं घागरीला हात लावला नाही. कादरनंही लावला नाही. तो मनकर्णाबाईला एवढंच म्हणाला, वहिनी, वझं उगाच आणलं तुमी. घागर भरलेली होती तशीच परत आली.

आता मी पुन्हा माझ्या खांबांवर आहे. अठ्ठेचाळीस सालचे शेवटचे दिवस चालू आहेत. औंढ्याला दुकानांच्या पाट्या बदलायचं काम निघालंय, त्यासाठी कादर आठवड्यातून दोनदा या वाटेनं जातो. खांद्याला घरच्या पाण्याचा पत्र्याचा डबा असतो. तातेराव दिसले तर रामराम करतो, मनकर्णाबाईची तब्येत विचारतो. तुसडेपणा नाही त्याच्यात. काल येताना तो माझ्या सावलीला टेकला, डबा तोंडाला लावला, तर तो रिकामा निघाला. तातेराव गोठ्यातून अनवाणी पळत आले आणि या वेळी त्यांनी हाक मारली. कादर वळला, हात जोडले, असू द्या तातेराव म्हणाला, आणि उन्हातून शिरडकडं चालू लागला.

एक शब्द मला आठ भाषांत येतो. चुकले, हे म्हणायला मात्र एकाही भाषेतला शब्द माझ्यावर कुणी लिहिलेला नाही.

वाटसरूंनो, तुम्ही या, खुशाल प्या. पाणी अजून गोडच आहे, त्याचा यात काही दोष नाही. फक्त एक मागणं आहे. माझी दुसरी ओळ न पिता लिहिलेली आहे, कादरच्या हिशेबानं ती अजून खोटी आहे. तुमच्यातल्या कुणाच्या घरी ती भाषा बोलली जात असेल तर त्यानं ओंजळभर पाणी प्यावं आणि मदीनाबीचा तो शब्द मोठ्यानं म्हणावा. तातेराव दिवसभर गोठ्याच्या दारात बसून त्याच्यासाठी कान देऊन असतात. अजून कुणी म्हटलेला नाही.